इटालियन महालाचा रस्त्याकडचा बाक

गेल्या ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, इथे आखातात, शहराच्या दस्मान भागातल्या एका नव्या रेस्टॉरंटसमोरून कुडाळकडच्या एका गवंडीकाकांना उठवण्यात आलं. ज्या दगडी बाकावरून उठवलं, तो त्यांनीच बांधला होता. मी तिथेच उभी होते.

ही इमारत म्हणजे फ्लॉरेन्समधल्या एका जुन्या महालाची नक्कल. मालकाने फोटो आणले, आमच्या ऑफिसात मी ड्रॉइंग केलं, आणि त्यासाठी अशा महालांबद्दल वाचत गेले. पाचशे वर्षांपूर्वी सावकार-व्यापाऱ्यांनी बांधलेली घरं. तळमजल्याचा दगड मुद्दाम ओबडधोबड, किल्ल्यासारखा. वर जाताना तो गुळगुळीत होतो. आत कमानींचा चौक. माथ्यावर भलामोठा छज्जा. बघणाऱ्याने दबून राहावं, हाच हेतू. पण त्याच भिंतीच्या पायाशी, रस्त्याच्या बाजूला, लांबच लांब दगडी बाक. भेटीसाठी ताटकळणारे, हमाल, वाटसरू, कुणीही टेकावं. सावकारांना कळवळा होता की तोही मिरवण्याचाच भाग होता? मला अजून ठरवता आलेलं नाही. बसायला मिळत होतं, एवढं मात्र खरं.

साइटवर हे काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे आमच्या गावचो ओटोच!"

गावी रस्त्याकडच्या ओट्यावर टेकायला कुणी कुणाला विचारत नाही. मालकाला शोभेपुरती अरुंद पट्टी हवी होती. काकांना ती पटेना. "ह्याच्यार मांजर बसात फक्त," म्हणाले, आणि बाक ऐसपैस केला. सगळ्या गवंड्यांनी आळीपाळीने बसून उंची ठरवली. मालकही खूश झाला. भारदस्त दिसतं म्हणाला.

उन्हाळ्यात ही माणसं शेजारच्या प्लॉटवर कामाला लागली. भरदुपारी उघड्यावर काम करायला इथे बंदी आहे. चांगलीच आहे. पण त्या वेळात बसायचं कुठे, हे कुणी सांगत नाही. बाकाचं तोंड उत्तरेला, समुद्राकडे, वर छज्जा. काका डबा घेऊन तिथे बसले. परवानगी मागावी हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

वॉचमन आला. "चाचा, उठो. कस्टमर आनेवाले हैं."

"घराच्या भायर बाक घालतत तो कोणासाठी, रे? आतल्यांका सोफे आसत मां!"

वॉचमनला शब्द कळले नसतील, सूर कळला. तो हसला आणि हळूच म्हणाला, "चाचा, मेरी नौकरी जाएगी."

काकांनी डबा बंद केला. नियमाला ते बधले नव्हते, नोकरीचं नाव निघताच उठले.

मी आत जाऊन मॅनेजरला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते बसण्यासाठी नाही, लूकसाठी आहे." दुसऱ्या दिवशी बाकापुढे पितळी साखळी आली. काका आणि त्यांची माणसं जनरेटरच्या आडोशाला जेवू लागली. तिथे सावली आहे, आणि गरम धूरही.

हा उन्हाळाही आलाच आहे. साखळी तशीच आहे. आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तुम्ही इथली मराठी मंडळी पोराबाळांना घेऊन तिथे जेवायला जाता, भिंतीपुढे फोटो काढता. या शुक्रवारी टेबल मागण्याआधी मॅनेजरला बाहेर बोलवा आणि साखळी काढायला सांगा. नाही म्हणाला तर जेवू नका, परत फिरा.