वालाच्या वेलासाठी पोर्तो रिको

मिल्ड्रेड आँटींच्या बाल्कनीला ऊन येत नाही. बाल्कनीचं तोंड दक्षिणेकडे आहे, आणि सिडनीत दक्षिण म्हणजे सावली. तरी दर सप्टेंबरात त्या दह्याच्या रिकाम्या डब्यांत वाल पेरत. वेल गजाला धरून दोन वीत चढत आणि परीक्षेला घाबरलेल्या मुलांसारखे पिवळे पडत. एका वर्षी तीन शेंगा आल्या. त्यांची भाजी करून आँटींनी इमारतीतल्या चारही घरांत पाठवली. खालच्या मजल्यावरच्या रेखाकाकू सांगतात की त्यांच्या वाट्याला दीड दाणा आला होता.

मिल्ड्रेड तुस्कानो मूळच्या वसईजवळच्या गास गावच्या. घरची वाडी होती, पण वडिलांनी त्यांना कधी मातीत हात घालू दिला नाही. "चिखलाला आम्ही आहोत, तू शीक," म्हणाले. त्या शिकल्या, इथे आल्या आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजत बसल्या. मार्च २०२०मध्ये निवृत्त झाल्या. आता गावी जाऊन भावाच्या वाडीत चार महिने राहायचं, असं तिकीट हातात होतं. त्याच आठवड्यात विमानं बंद झाली.

सिडनीच्या पेंडल हिल उपनगरातली आमची इमारत विटांची, जुनी, चार घरांची. वर आँटी आणि मी, खाली नरेंद्रकाका-रेखाकाकू आणि इथलाच डॅरेन. माझ्या घरात आधी वेंडी नावाच्या बाई राहायच्या. मागच्या अंगणात कुंपणाला लागून तीन मीटर बाय दोन मीटर जमीन त्यांनी वर्षानुवर्षं राखली होती. इमारतीत दिवसभर ऊन मिळणारी तेवढीच जागा. २०२१च्या मे महिन्यात वेंडी मुलाकडे पर्थला गेल्या, आणि ती जमीन मोकळी झाली.

आँटींना तिथे वालाचा मांडव घालायचा होता. नरेंद्रकाकांना टोमॅटो लावायचे होते. काका पाणीपुरवठ्यातले इंजिनियर. त्यांनी त्या सहा चौरस मीटरसाठी ठिबक सिंचनाचा आराखडा कॉम्प्युटरवर काढला होता, व्हॉल्व्हसकट. कोथरूडच्या सोसायटीत ते अकरा वर्षं सेक्रेटरी होते. इथे सोसायटी नव्हती, म्हणून त्यांनी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची केली. बल्ब गेला तरी इतिवृत्त यायचं.

इमारतीच्या मालकाने कळवलं, आपापसांत ठरवा. जून संपता संपता लॉकडाऊन लागलं. मग अंगणात दीड-दीड मीटरवर उभं राहून, मास्कमधून, महिनाभर भांडण चाललं. शेवटी डॅरेन वैतागला. "मेट, स्वीप करा ना!" इथे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीला ऑफिसाऑफिसांत चिठ्ठ्या काढतात, ज्याच्या चिठ्ठीतला घोडा जिंकेल त्याला बक्षीस. तसंच टोकियो ऑलिंपिकवर करायचं. चार घरं, चार देश. चौघांत ज्याच्या देशाला अ‍ॅथलेटिक्समध्ये आधी सुवर्ण, त्याची जमीन.

चिठ्ठ्या अर्थातच काकांनी लिहिल्या. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन. चौथीपाशी ते थांबले.

"छोट्या देशांनाही प्रतिनिधित्व हवं," म्हणाले, आणि यादीत बोट फिरवून एक नाव उचललं.

श्रीखंडाच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. काकांना अमेरिका आली. ते इतके नम्र झाले की रेखाकाकूंनी तोंड फिरवलं. डॅरेनला ब्रिटन आलं, त्याने शिवी दिली. मला ऑस्ट्रेलिया. आँटींनी चिठ्ठी उलगडून लांब धरली, जवळ धरली.

"पोर्तो रिको? हा देश आहे?"

"आहे," काका म्हणाले.

"अमेरिकेचाच तुकडा ना तो? नरेंद्र, चिठ्ठी बदलून दे."

"तसं चालत नाही, मिल्ड्रेड. त्यांची स्वतंत्र ऑलिंपिक समिती आहे, स्वतंत्र संघ, स्वतंत्र झेंडा. संचलनात वेगळे चालतात. म्हणजे देश. विषय संपला."

त्या दिवशी इतिवृत्तात कलम सात आलं: पोर्तो रिको हा या स्पर्धेपुरता सर्वार्थाने स्वतंत्र देश समजण्यात येईल, याबाबत कोणाचीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. खाली सही, नरेंद्र.

आँटी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "त्यांची एक मुलगी अडथळ्यांच्या शर्यतीत आहे. शंभर मीटर. बरी पळते म्हणतात." लॅबमधली सवय, त्या नमुना नीट तपासल्याशिवाय टाकून देत नसत.

रविवारी उपान्त्य फेरी झाली. तोपर्यंत आमच्या चारांपैकी एकाही देशाला अ‍ॅथलेटिक्समध्ये सोनं नव्हतं. आणि त्या मुलीने ऑलिंपिक विक्रम मोडला.

सोमवारी सकाळी काका अंगणात कपडे वाळत घालत होते. आँटी बाल्कनीत चहा घेत होत्या.

"मिल्ड्रेड, मी काल थोडा अभ्यास केला," काका चिमट्यांकडे बघत म्हणाले. "पोर्तो रिकोच्या लोकांकडे पासपोर्ट कुठला असतो, माहितीये का? अमेरिकेचा."

"बरं."

"म्हणजे तांत्रिकदृष्ट्या तिला सोनं मिळालं तर ते…"

"कोणाचं?"

"चर्चा करायला हरकत नाही, एवढंच म्हणतोय."

"कलम सात वाच," आँटी म्हणाल्या.

आतून रेखाकाकूंचा आवाज आला, "वाचू का मोठ्याने? माझ्याकडे प्रिंट आहे!"

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"वालाच्या!"

शर्यत दुपारी पाऊण वाजता होती. कोणाच्या घरी जायची परवानगी नव्हती, म्हणून सगळ्यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या. आँटींकडे जुना टीव्ही, छतावरच्या अँटेनाचा. काकांना ऑफिसची मीटिंग होती. कॅमेरा बंद करून त्यांनी फोनवर अ‍ॅप लावलं होतं. ते प्रक्षेपण टीव्हीच्या मिनिटभर मागे चालतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी माझ्या खिडकीत होते. एकदम आँटींचा आवाज आला, "उचल! पाय उचल! पाट आला, पोरी, उचल!" आणि लगेच अशी किंकाळी, की डॅरेन अनवाणी अंगणात धावत आला.

"मिल्ड्रेड, ओरडतेस कशाला?" खालून काका. "अजून त्या बूट बांधतायत!"

"झाली! जिंकली!"

"अगं सुरूच नाही झाली!"

"अमेरिका दुसरी!"

तेवढ्यात काकांच्या फोनवर बंदुकीचा आवाज झाला आणि निकाल माहीत असलेली शर्यत त्यांनी संपूर्ण पाहिली. मग त्यांच्या लॅपटॉपमधून कोणीतरी विचारलं, "नरेन, यू ओके, मेट?" कॅमेरा बंद होता, माइक चालूच राहिला होता.

समालोचक सांगत होता की त्या बेटाचं अ‍ॅथलेटिक्समधलं हे पहिलंच सुवर्ण. आँटी बाल्कनीत आल्या. चष्म्यावर वाफ होती. "तिने एकेका अडथळ्यावरून पाय कसा टाकला, पाहिलंस?" मला म्हणाल्या. "आम्ही वाडीत पाण्याचे पाट असेच ओलांडायचो. चिखलात पडलं तर बाबा ओरडायचे." एवढं बोलून त्या डोळे पुसायला आत गेल्या.

काकांनी संध्याकाळी इतिवृत्त पाठवलं. दोनच ओळी. निकाल मान्य.

मंगळवारी सकाळी आँटी अंगणात होत्या. डॅरेनचं फावडं, पायांत लॅबमधले पांढरे बूट. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या जमीन खणत होत्या, आणि ते दिसत होतं. फावडं जमिनीवर आपटून परत येत होतं.

काकांनी खिडकी उघडली. "रात्री थाळीफेकीत अमेरिकेलाही मिळालं!"

"अभिनंदन."

"काही तास फक्त उशीर झाला." मग त्यांची नजर फावड्याकडे गेली. "मिल्ड्रेड, तशी खणू नकोस. कुंपणाकडे पाण्याची लाइन आहे."

"कुठे?"

"ठिबकच्या नकाशात दाखवलीये ना मी."

"मला तुझा नकाशा कळत नाही. खाली ये आणि बोट ठेवून दाखव."

खिडकी बंद झाली. थोड्या वेळाने मागचं दार उघडलं. काका मास्क लावून, मोजपट्टी घेऊन बाहेर आले, कुंपणापासून साठ सेंटिमीटर मोजले आणि तिथे टाचेने रेघ ओढली. मग दीड मीटर मागे सरकून, हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"फावड्यावर पाय ठेवायचा असतो," ते म्हणाले. "जोर पायाचा, हाताचा नाही."

आँटींनी फावड्यावर पाय ठेवला. माती सुटली, काळी, ओली. त्यांनी फावडं बाजूला टेकवलं, खाली बसल्या आणि दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले.