कुत्र्यासाठी जामीन

तमाम लहानथोरांस जाहीर करण्यात येते की, तलवाड्यातल्या आमच्या घरावर एके साली असा बाका प्रसंग गुदरला होता, की खुद्द हैदराबादच्या दरबाराने त्यावर खलबत करावं. वडिलांच्या श्राद्धविधीसाठी घरातली सगळी माणसं त्र्यंबकेश्वराला निघाली होती आणि कुत्रं कुणाकडे ठेवायचं, हे ठरत नव्हतं.

हसू नका. तांबूस रंगाचं, एका कानानं अर्धवट असं ते कुत्रं रोज माझ्या पायाशी झोपायचं. ते परत मिळालं नसतं तर मला घर खायला उठलं असतं. म्हणून मी गावभर चौकशी केली. चौकशी कसली, झडतीच!

शेजारच्या काकू आनंदानं तयार होत्या. पण त्यांच्या घरी एकादशीला मांजरसुद्धा उपाशी असतं, हे मला ठाऊक होतं. चौकीतले जमादार म्हणाले, "ठेवा इथं बेफिकीर. आमच्या ताब्यातून आजवर एकबी जीव सुटला न्हाई." हे ऐकून मीच तिथून काढता पाय घेतला.

उरला धनगर. खतासाठी त्याची मेंढरं आमच्याच रानात बसवली होती. मी त्याच्या कुत्र्यांच्या फासळ्या चाचपल्या, पाण्याची परात हुंगली, आणि डोळे बारीक करून विचारलं, "माझं कुत्रं घेऊन पसार झालास तर?"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आन् तुमीच आला न्हाई तर? कुत्रं सोडाया लई येत्यात, मालक. न्याया कुनी येत न्हाई. जामीन ठेवा."

"जामीन? कसला?"

"पायातला एक जोडा. त्याच्यासाठी तरी याल. आन् कुत्र्यालाबी तुमचा वास ऱ्हाईल."

करंगळीनं भोक पाडलेला माझा उजवा जोडा तिथं राहिला. ज्याच्या मिशा साऱ्या तालुक्याला ठाऊक, तो मी एक पाय फुफाट्यात टाकत घरी आलो.

त्र्यंबकेश्वराला न्हाव्यानं डोक्याबरोबर त्या मिशाही उतरवल्या. भटजी मंत्र सांगत होते आणि माझ्या मनात धनगर मेंढरं हाकत निघाला होता, पुढे माझं कुत्रं. परतीच्या वाटेवर जालन्याला रेल्वेतून उतरलो, तोवर हा मनातला धनगर पार परळीपल्याड पोचला होता.

गावात शिरताच बैलगाडी घराकडे धाडली आणि नव्या करकरीत जोड्यांनिशी मी रानात धावलो. रान रिकामं! नुसत्या लेंड्या आणि चुलीचे तीन काळे दगड. "बघा, म्हटलं नव्हतं?" असं मी मोठ्यानं ओरडलो. ऐकायला एक टिटवी होती.

मग ओढ्यापलीकडून मेंढरं ओरडली. धनगर शेजारच्या रानात सरकला होता, एवढंच.

"कोन पायजे?" त्यानं काठी आडवी धरली.

"माझं कुत्रं."

"तुमचं? ज्यांचं हाय त्यास्नी ह्या येवढ्या मिशा व्हत्या. चला, निघा!"

"अरे, तो मीच!"

"असं कुनीबी म्हनंल."

कुत्रं माझ्या जोड्यावर हनुवटी टेकून पडलं होतं. मी हाक मारली. प्रवासात घसा बसलेला, आवाज कुणा तिसऱ्याचाच निघाला. माझ्या तुळतुळीत तोंडाकडे पाहून कुत्रं दात विचकून गुरगुरलं. आजवर मी साऱ्या गावावर संशय घेतला होता, पण कुत्रंच मला विसरेल, हा संशय कधी मनाला शिवला नव्हता.

धनगरानं काठीनं जोडा माझ्याकडे सरकवला. "घाला पाय."

मी नवा जोडा काढून जुन्यात पाय घातला. भोकातून करंगळी बाहेर आली. कुत्रं गुरगुरतच जवळ आलं, करंगळी हुंगली आणि कण्हल्यासारखा आवाज काढत सगळं अंग माझ्या पावलावर टाकून लोळू लागलं.

भाकरी थापता थापता धनगरीण बोलून गेली, "आगं बया! ह्यानं मालकाचं थोबाड कवा बघितलंच न्हाई, नुसते पायच वळखतंय!"