खालच्या आगीची शेजारीण

मी कोळशाच्या बंद खाणीपुढे नारळ फोडला. चंद्रपूरजवळच्या त्या गावच्या पोस्टात बदलून येऊन मला आठवडाही झाला नव्हता. माळावर जमिनीच्या भेगेतून धूर निघत होता, आसपास ना चूल ना माणूस. मला वाटलं, जागृत स्थान आहे. भक्तिभावाने चपला काढल्या. तळवे पोळले तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

मागून कोणीतरी म्हणालं, "खोबरं इकडं द्या बाबू. देव नाई तो. कोळसा जळून राह्यला खाली."

भागरताबाईंची आणि माझी ओळख अशी झाली. माळाच्या कडेचं शेवटचं घर त्यांचं. त्या एकट्याच राहत. माझ्या नारळाची त्यांनी चटणी वाटली आणि मलाच जेवायला वाढली.

खाण बंद पडल्यावर आत उरलेला कोळसा कधीतरी पेटला आणि तो विझवणं कोणालाच जमलं नाही. तिकडच्या लोकांना याचं नवल नाही. मी मात्र येडा झालो. थंडीत सगळ्या शिवारावर दव असे, आणि भागरताबाईंचं अंगण तेवढं कोरडं. गावची सगळी कुत्री तिथे पोट टेकून पडलेली. पावसाचे थेंब त्या जमिनीला टेकत आणि वाफ होऊन पुन्हा वर निघत. भागरताबाई उंबऱ्यावर बसून हे मला अशा थाटात दाखवत, की जणू सकाळी उठून त्यांनीच सगळं मांडलं आहे. म्हणत, "पाणी वरतून, आग खालतून. आपण मधात. भाकरीवानी."

पावसाळ्यात तर त्यांचा दरबारच भरे. साऱ्या वस्तीच्या बायका ओल्या गोधड्या, दमट मोहफुलं घेऊन त्या अंगणात वाळवायला येत. एकीची गोधडी हातात धरून भागरताबाई म्हणाल्या, "एवढी मोठी? यात नवरा झोपते का बैल?"

मग भेगा रुंदावल्या. एकाची न्हाणी रात्रीत खचली. घरं खाली करा म्हणून हुकूम निघाला, सडकेपलीकडे नवी वसाहत झाली आणि माणसं एकेक करून तिकडे गेली. भागरताबाई गेल्या नाहीत. त्यांची मुलगी शेवंता वरोऱ्याला दिलेली. तिचा मला फोन आला, "भाऊ, माय तुमचं ऐकते. तुम्हीच तिले काढा तिथून. माह्या घरी आणून सोडा."

माझं कोणी ऐकतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. त्यामुळे दर रविवारी मी भागरताबाईंना उठवायला जाई आणि त्यांनी भेगेच्या तोंडाशी पुरून भाजलेली रताळी खाऊन परत येई.

"भागरताबाई, हे घर खचणार."

"तुमचं पोस्ट नाई खचून राह्यलं का? चिठ्ठ्या कोन लिवते आता?"

"शेवंता रडत होती फोनवर."

"ते लहानपनापासून रडते." मग रताळ्याची राख झटकत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाबू, पोरीच्या घरी मी खाटेवर पडून राहीन. इथी माह्या पायानं फिरून राह्यली ना."

ते खरं होतं. वाताने त्यांचे गुडघे धरले होते. वरोऱ्याला चार दिवस राहून आल्या तेव्हा मी आणि कंडक्टरने त्यांना बसमधून उचलून उतरवलं होतं. आणि त्या गरम जमिनीवर त्याच बाई भर थंडीत ताठ चालत. मग मी आणखी एक रताळं सोलायला घेई.

दिवाळीनंतर त्यांच्या दारचा कडुनिंब वारा नसताना आडवा झाला. जाऊन पाहिलं तर मुळांचा निव्वळ कोळसा. मी दोन पावलं मागे सरलो. भागरताबाई टोपलं घेऊन आल्या आणि मुळं तोडून भरू लागल्या. "आयतं जळण," म्हणाल्या. "भिऊ नोका. आग जवळ आली का गंधकाचा वास येते. वास आला का मी उठलीच समजा."

मला हे इतकं पटलं, की मीच शेवंताला फोन करून सांगितलं: काळजी करू नकोस, त्यांना वासावरून सगळं कळतं.

पौषात थंडीची लाट आली. त्या रविवारी कुत्री अंगणात नव्हती. सडकेवर कुडकुडत उभी होती. मला ती मूर्ख वाटली. भागरताबाईंचं दार आतून बंद. वारा येऊ नये म्हणून खिडकीत पोतं कोंबलेलं. खांदा लावून दार ढकललं. चटईवर त्या कुशीवर झोपल्या होत्या, आणि चटईच्या कडेला जमिनीला बोटभर भेग पडली होती. डॉक्टर म्हणाले, खालच्या जळत्या कोळशाचा वायू कोंडला. तो जीव घेतो. त्याला वास नसतो.

शेवंता दुपारी पोचली. आईजवळ बसली, रडली नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "झोपेतच गेल्या. हातपाय अजून ऊबदार होते गं. त्या जमिनीनं शेवटपर्यंत त्यांना..."

तिने आईच्या अंगावरचं लुगडं नीट केलं.

"भाऊ, माह्या मायले त्याच जमिनीनं मारलं. तुम्ही अजून तिचंच कौतुक करून राह्यले."