वरच्या खोलीचा व्हिसा

हसा, पण आधी हातातला चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. मी जो घोळ घातला ना, तसा आख्ख्या पिंगळीत आजवर कुणी घातला नसेल!

आमची एकुलती एक लेक शिवानी ब्रिटनमध्ये नर्स आहे. जावई तिथंच एका वृद्धाश्रमात कामाला, आणि एक छोटी नात. ती गेली तेव्हापासून मी पिंगळीत राहतो तो नावाला! कुणाला व्हिसा मिळाला, कुणाला परत धाडलं, सगळं टीव्हीवर बघायचं आणि स्टेशनसमोरच्या हॉटेलात बसून लोकांना समजवायचं.

"बाबाराव, तिथं म्हातारे उदंड झालेत अन् तरणी पोरं कमी. दवाखाने कोण चालवायलंय? आपल्या पोरी! कर कोण भरायलंय? हीच बाहेरून आलेली माणसं! अन् तिथले काही लोक म्हणतेत, बाहेरचे लय झाले, आमालाच घरं पुरंनात, काढा यांना! काढा की! मंग कळंल, म्हाताऱ्यांना कूस कोण बदलून देतंय ते!"

बाबाराव माझा जुना दोस्त. तो म्हणायचा, "अप्पा, तुमी खामखा पिंगळीत राहिलाव. तिथं मंत्रीच पायजे होते." आणि मला ते खरं वाटायचं!

तर एके दिवशी शिवानीचा व्हिडिओ कॉल आला. बायको गेली होती पेडगावला, माझ्या मूळ गावी, पुतण्याच्या घरच्या कार्याला. म्हणून फोन मी घेतला. पोरीच्या मागं बघतो तर काय, खोक्यांची ही चळत! पडदे उतरवलेले, भिंतीवरचा महादेवाचा फोटो गायब, आणि जावई खोक्याला चिकटपट्टी लावतोय.

मी लगेच ओळखलं. काढलं की पोरीला देशाबाहेर!

ती मात्र हसून बोलत होती. बापाला कळू नये म्हणून हसायलीय, दुसरं काय! आता सरळ विचारायला काय झालं होतं? पण नाही विचारलं. लेकीच्या जखमेवर मीठ चोळणारा बाप मी नव्हे!

आणि एक सांगू? दुःख होतंच, पण आतून गुदगुल्याही होत होत्या. लेक घरी येणार, नात अंगणात पळणार. मला तेवढंच हवं होतं.

प्रश्न एकच, राहणार कुठं? वरच्या खोलीत होता मुन्ना. बिहारचा, मोटारी दुरुस्त करणारा. बोअरची मोटार, पंखा, मिक्सर, आमच्या घरात जे जे फिरतं ते सगळं त्याच्या जिवावर. त्याची बायको तर माझ्या बायकोचा उजवा हात झालेली. मी तडक वर गेलो.

"मुन्ना, खोली खाली कर."

"क्यूँ काका? काही चुकलं का?"

"तसं न्हाई रे. पण माझ्याच माणसांना जागा पुरंना, तर बाहेरच्यांना कुठं ठेवू?"

हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय असं वाटलं खरं, पण कुठं ते काही आठवेना.

मुन्ना बिचारा सामान बांधून पूर्णेला गेला. मी खोलीला रंग दिला. परभणीच्या एका डॉक्टरांकडं पोरीसाठी शब्द टाकून आलो. गावभर बातमी झाली. लोक घरी येऊन तोंड पाडून बसायला लागले. बाबाराव तर म्हणाला, "अप्पा, तुमचं बोलणं खरं झालं बगा!" त्यातही मला थोडा अभिमान वाटला, कपाळ माझं!

बायको परत आली. लेकीचं ऐकून रडली, मुन्नाचं ऐकून भडकली. आणि नेमकी तेव्हाच बोअरची मोटार जळाली! दुसरा मिस्त्री नुसता "आलोच" म्हणायचा. मी आपला शेजारच्या हापशावरून घागरी वाहतोय, कमरेचं पार धिरडं!

अशात शिवानीचा फोन. "आई, अप्पा, हे बघा आमचं नवं घर! दवाखान्याच्या जवळच मिळालं."

"नवं घर? अगं, तुला काढलं ना?"

"मला कोण काढतंय अप्पा? वॉर्डात माणसं कमी पडायलीत, सुट्टीसुद्धा देईनात! उलट जुनी घरमालकीण तर मी निघाले तेव्हा रडली. म्हणाली, तुमच्यासारखी माणसं मला परत मिळायची न्हाईत. बरं, मुन्नाभैया कसाय?"

मी घागर उचलून पुन्हा हापशाकडं वळलो.

बायकोनं फोन ठेवला आणि कमरेवर हात घेतले. "बाहेरून आलेल्यांनाच काढायचं होतं, तर सुरुवात मुन्नापासून कशाला केली? हे घर माझ्या बापाचं हाय! लग्न झाल्यावर पेडगावहून बोचकं घेऊन इथं राहायला कोण आलतं?"

मी चपला घातल्या आणि पूर्णेची गाडी पकडली. मुन्नाच्या हातापाया पडलो. भला माणूस, आला परत. मोटार सुरू करून दिली आणि हात पुसत म्हणाला, "काका, अब कितने दिन रहने देंगे?"

म्हटलं, "बाबा, ते मालकीणबाईला विचार. अन् विचारायलाच लागलास, तर माझंबी विचारून घे!"