फुल्यांचा बदाम

अमरावतीत आमच्या शेजारी राहणारे सर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. प्रोग्राम स्वच्छ लिहा म्हणून पोरांवर ओरडतात आणि घरी मात्र सी भाषेत मुद्दाम असा गुंता लिहितात, की वाचणाऱ्याच्या तोंडाला फेस यावा. तो गुंता चालवला की पडद्यावर फुल्याफुल्यांची सुरेख वक्ररेषा उमटते. मग माझ्या हातात चहा देऊन विचारतात, "प्रोग्राम काई समजून राहिला का, भाऊ?" मी "नाही" म्हटलं की गडी खूश.

वहिनींच्या वाढदिवसाला त्यांनी फुल्यांचा भलामोठा बदाम छापला, खाली वहिनींचं नाव. गणिताच्या आलेखात जे वर चढतं ते इथं खाली उतरतं, कारण फुल्या वरच्या ओळीपासून छापल्या जातात. हे पोरांना दरवर्षी बजावणारे सर स्वतःच विसरले. बदाम उलटा आला.

वहिनींनी कागद निरखला. "अन् हे वांगं कावून छापलं जी?"

"थांब, आत्ता सुधरवतो," म्हणत सर प्रोग्राम उघडून बसले. चहावर साय धरली. कंटाळून वहिनींनी कागदच फिरवला आणि फ्रिजवर चिकटवला. बदाम सरळ झाला, नाव डोक्यावर उभं राहिलं.

तेवढ्यात सरांनी प्रोग्राममधून मान वर केली. एवढं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"भाऊ," ते म्हणाले, "आता तं मलेबी काई समजून नाई राहिलं!"