माळेतली पानं

आधी एक गोष्ट खोडून काढते, म्हणजे पुढे घोटाळा नको. माझ्या भाचीने कॅन्सरवर औषध शोधलेलं नाही. केदारखेड्यात कोणालाही विचारा, उलट सांगतील. ते चूक आहेत. मी उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं, एवढं ठामपणे म्हणायचा मला हक्क आहे.

आकांक्षा माझ्या धाकट्या भावाची, भागवतची मुलगी. औरंगाबादला एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. विषय रुई. बांधावर, उकिरड्याजवळ, स्टँडमागे, कुठेही उगवणारी. शनिवारी तिच्या पानांची माळ मारुतीला घालायची आणि चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, एवढं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्या चिकात हृदयाला बाधणारं विष असतं, हेही जुनंच. पण आकांक्षाने पानांतून एक द्रव्य वेगळं काढलं, बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकलं, आणि पेशी मेल्या. तिच्या गाईडला वाटलं, हे ते जुनं विष नव्हे, काही तरी निराळं आहे.

आता, पेशी मारणं यात काही मोठं नाही. फिनेलनेही मरतात. खरा प्रश्न असा की पेशीतल्या हजारो प्रथिनांपैकी हे द्रव्य नेमकं कोणाला जाऊन धरतं. ते प्रथिन फक्त कॅन्सरच्या पेशीच्या कामाचं असेल तर औषधाची आशा. साऱ्या शरीराच्या कामाचं असेल तर आशा संपली. पोरगी काही वर्षं एवढंच शोधत होती. द्रव्य बारीक मण्यांना बांधायचं, पेशी फोडून त्यांचा रस मण्यांवर ओतायचा, आणि धुवायचं. धुऊनही जे प्रथिन चिकटून राहील ते तुमचं. सांगायला सोपं. करताना रडायची वेळ येते, कारण काही प्रथिनं लोचट असतात, कशालाही चिकटतात.

शोध असा अर्ध्यात असताना कोणीतरी पेपरात छापून आणलं, 'केदारखेड्याच्या कन्येने शोधले कॅन्सरवर औषध.' गावाने मारुतीच्या देवळात शाल-नारळ दिला. आकांक्षा माईकवर सांगत होती की अजून काही सिद्ध नाही, पण ढोल वाजत होता. त्या शनिवारपासून लोक मारुतीच्या अंगावरची उतरलेली माळ मागू लागले. नुसतं रुईचं पान नाही हं, देवाला वाहिलेलंच पाहिजे. ते दुधात उकळून पाजायचं. आणि ती पानं वाटायला बसला माझा थोरला भाऊ पुंजाराम. पैसा घेत नव्हता, हे कबूल करते. पाया मात्र पडून घेत होता.

यातलं आकांक्षाला कोणी सांगितलं नाही. मलाही नाही. शिकलेल्या बाया मोडता घालतात म्हणून.

त्यातही पुंजारामची बायको, नंदावहिनी, तिला स्तनाचा कॅन्सर. जालन्याच्या दवाखान्यात केमोच्या सुया सुरू होत्या, केस गेले होते. ती तारीख चुकवू लागली तेव्हा मला वाटलं, थकली असेल.

मग आकांक्षाच्या प्रश्नाचं उत्तर आलं. मी त्या दिवशी गावात होते. ती ओट्यावर बसून बापाला समजावत होती.

"बाबा, ते पंपाला धरून राह्यलंय."

"मोटारीवाणी पंप?"

"तसाच. पेशीतलं सोडियम बाहेर फेकतो. समद्या पेशीत असतो. हृदयाचं तर त्याच्याबिगर चालतच न्हाई."

"मंग तुझं औषध काय करतं?"

"पंप बंद पाडतं. कॅन्सरचाबी आन आपलाबी. ते जुनंच इख निघालं, बाबा. नवीन काही न्हाई."

भागवतने गल्लीकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाला, "आता हे गावाला सांगत बसू नको."

इतक्यात आत वहिनी ओकल्याचा आवाज आला. आम्ही दोघी गेलो. तोंड धुऊन ती म्हणाली, "काही न्हाई आक्का. चार दिस झाले, बलपाभोवती पिवळं कडं दिसतं. औषध लागू पडून राह्यलंय."

"कोणतं औषध?" मी विचारलं.

"हिचंच की," ती आकांक्षाकडे बघून हसली.

आकांक्षाने तिचा हात धरला. नाडी बघता बघता पोरीचा रंग उतरला. मी बघितली. ठोका मंद, आणि मधूनच एखादा गायब. ते पिवळं कडंही त्याच विषाचं. पातेल्यात दूध होतं, दुधात पानं.

पुंजारामला बोलावलं. तो म्हणे, "देवाला वाह्यलेलं पान इख कसं असंल?"

"देवाला शेंदूर पण लावतोस," मी म्हटलं. "खातोस का चमचाभर?"

मी वहिनीला दवाखान्यात चल म्हटलं. पण वहिनी खाटेवरून उठेना. शेवटी तिने नवऱ्याला बाहेर पाठवलं आणि आकांक्षाला जवळ घेतलं.

"येते मी दवाखान्यात. सुयाबी घेते. पर तू देवळात एक शबुद बोलायचा न्हाई."

"मोठी माय, बाकीचे लोक बी पेतात की."

"त्यांचं ते बघतील. ह्या माणसाला घरात जलमभर कुणी काही इचारलं न्हाई. शेत तुझ्या बापानं सांभाळलं, पंचायत तुझ्या बापानं केली. आता लोक ह्याच्या पाया पडतात. ते मोडलंस तर मी सुई घेणार न्हाई. आदीच सांगून ठिवते."

आकांक्षा माझ्याकडे बघू लागली. मी काय सांगणार? नाडी अजून बोटाखाली होती. तिने हो म्हटलं. मीही म्हटलं असतं.

दवाखान्यात वहिनीला यंत्राला लावलं, हृदय ठिकाणावर येईपर्यंत ठेवून घेतलं. पुंजारामला वाटलं, दुखणंच वाढलं; पानं वाटणं चालूच राहिलं. पुढे सुया पुन्हा सुरू झाल्या. प्रत्येक तारखेला आकांक्षाच तिला घेऊन जाई. प्रयोगशाळेत गाईड म्हणाला, जे निघालं ते लिहून टाक, प्रबंध होईल, नाव होणार नाही. गावात नाव होतं आणि ते तिला खोडता येत नव्हतं. शनिवार आला की ती देवळाकडची वाट टाळून वळसा घालून जायची. मी रागावले, "असं किती दिवस?" तर म्हणे, "तिच्या सुया संपोस्तोवर." तोवर पिणाऱ्यांचं काय, हे मी विचारलं नाही. तिला ते रोजच दिसत होतं.

एका शनिवारी जाफराबादकडची जीप थेट आमच्या दाराशी आली. नवरा खाली उतरला, आत शाल पांघरलेली बाई. पुंजाराम पानांची पिशवी घेऊन मागोमाग आला होता. त्या माणसाने आकांक्षाला हात जोडले.

"ताई, तुमीच शोधलं ना? मंग तुमीच सांगा. दुधात उकळायचं का पाण्यात?"

इतके दिवस ती गप्प राहून निभावत होती. आता गप्प राहणं म्हणजे दूध म्हणणं.

"कशातच न्हाई," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं, पंप, हृदय, नाडी. घरातलं नाव तेवढं घेतलं नाही.

माणूस शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "समजलं ताई. औषधाच्या कंपनीवाल्यानं तोंड बंद केलं तुमचं. मोठ्या लोकांचं असंच असतं." आणि पुंजारामपुढे हात पसरला. पुंजाराम आकांक्षाकडे बघत राहिला, पिशवी काही त्याने उघडली नाही. जीप वळून गेली. बांधावर रुई काय कमी आहे?

वहिनीच्या कानावर हे घरातूनच गेलं. पुढच्या तारखेला आकांक्षा भाड्याची गाडी घेऊन आली तर ती उंबऱ्यात बसलेली, घरच्याच लुगड्यात.

"तू बोललीस," वहिनी म्हणाली.

"बोलले."

"मी सांगितल्तं तुला."

पोरगी उभी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतून पुंजाराम आला, टोपी घालून, हातात दवाखान्याची फाईल नि पाण्याची बाटली. आजवर त्याने त्या दवाखान्याची पायरी चढलेली नव्हती.

"ऊठ," तो म्हणाला. "मी येतो संगं."

"शनिवार हाय. देवळात कोण बसंल?"

"कुणी न्हाई."

वहिनीने त्याच्या हातातल्या फाईलकडे बघितलं. मग नवऱ्याचा हात धरून उठली. गाडीपाशी आकांक्षाने दार उघडलं, तर वहिनीने नुसती मान हलवली.

"ही नको."

गाडी दोघांना घेऊन गेली. सुई झाली, हे संध्याकाळी कळलं.

आकांक्षा गल्लीतच उभी राहिली. देवळाकडून एक म्हातारा नि त्याची सून विचारत आली, पुंजाराम बाबाचं घर कोणतं, देवळात कोणीच कसं नाही. सुनेच्या हातात रिकामी पिशवी होती.

आकांक्षाने त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. म्हातारा मान डोलवत होता. सून मात्र पिशवी उघडीच धरून होती.