मुकुटासमोरचा कुकर

ताईच्या कार्डिफच्या घरातला तो फोटो तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलात आणि मला दोन प्रश्न विचारलेत. तिच्या डोक्यावर मुकुट का आहे? आणि मुकुट घातलेल्या माणसासमोर प्रेशर कुकर का आहे? तुमचे बाबा मागून म्हणाले, "फॅन्सी ड्रेस असेल काहीतरी." तो फॅन्सी ड्रेस नव्हता. तुमची आतेबहीण रीतसर राणी होती आणि त्याआधी तिने पाच वर्षं उमेदवारी केली होती. तुमच्या बाबांना कुठल्याच नोकरीत इतका काळ थांबणं जमलेलं नाही, म्हणून त्यांना ते खरं वाटत नसावं. मेलबर्नला फोन लावून हे सांगायला बसले तर तुम्ही मध्येच जेवायला उठाल. म्हणून लिहून पाठवते, क्रमाने.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. तुमची आत्या लंडनच्या दक्षिणेला एका हॉस्पिटलात डॉक्टर होती. तिचे यजमान, म्हणजे आमचे जावईबापू, क्रॉयडनच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करत. मी पुण्यातल्या इंग्रजी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले होते आणि दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस विमानात बसून त्यांच्याकडे जात होते, नातीला सांभाळायला. नात मला सांभाळते असं आत्याचं म्हणणं होतं.

त्या भागात एक प्रथा आहे. प्रत्येक उपनगराची आपली एक मे महिन्याची राणी असते. आपल्या फुलाचा आणि रंगाचा झेंडा घेऊन मुली मिरवणूक काढतात, मोकळ्या माळावर जमतात आणि तिथे नव्या राणीच्या डोक्यावर जुनी राणी मुकुट ठेवते. आमच्या उपनगराचं फूल प्रिमरोज, म्हणून रंग फिका पिवळा. मी शाळेत असताना इंग्रजीच्या तासाला मे महिन्यातल्या फुलांवरच्या कविता घामाघूम होऊन पाठ केल्या होत्या. आता ती फुलं समोर होती आणि मी स्वेटरवर कोट घालून थरथरत होते.

नात पाच वर्षांची असताना शाळेतल्या मैत्रिणीचं बघून म्हणाली, "मला पण क्वीन व्हायचंय." मी हे गंभीरपणे घेतलं. राणीची निवड म्हणजे स्पर्धा असणार, आणि स्पर्धेला तयारी लागते. मी तिची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लावली: पोहण्याचं, पाढ्यांचं, हस्ताक्षराचं. ती फाइल घेऊन आम्ही चर्चच्या हॉलमध्ये गेलो. तिथे एक उंच, वयस्कर बाई खुर्च्या मांडत होत्या. सगळा कारभार त्यांच्याकडे होता. मुकुटही त्यांच्याच घरी, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कापसात ठेवलेला असे. त्यांनी फाइल उघडली, पोहण्याचं प्रमाणपत्र कौतुकाने पाहिलं आणि फाइल मला परत दिली.

"छान आहे हं. शनिवारी सकाळी येऊ शकेल का ती?"

"येईल की. पण निवड कशी होते?"

"निवड नसते, डिअर. पाळी असते."

देशाच्या खऱ्या राणीला गादी जन्माने मिळाली होती. आमच्या हॉलमध्ये ती हजेरीने मिळत होती. जिल्हा परिषदेत बढती मिळते तशी, सेवाज्येष्ठतेने. मला तर हीच पद्धत जास्त सभ्य वाटली. खऱ्या राणीला आमच्याकडे कुणी उभंही केलं नसतं, शनिवारी सकाळी तिला वेळ कुठला!

तर भावी राणीचं शिक्षण असं झालं. पहिल्या वर्षी ती परी होती, म्हणजे रांगेत सगळ्यात शेवटी कागदी फुलांची टोपली धरून चालायचं. दुसऱ्या वर्षी राणीच्या झग्याचं टोक. तिसऱ्या वर्षी झेंड्याची दोरी, चौथ्या वर्षी खुद्द झेंडा, पाचव्या वर्षी मुकुट ठेवलेली उशी. दर शनिवारी एकच गोष्ट शिकवत: हळू चाल, मान ताठ, तोंड हसरं, आणि थांबायला सांगितलं की थांब. कितीही वेळ थांब. पांढऱ्या पातळ झग्यातल्या त्या मुली वाऱ्यात गारठून निळ्या पडत, आणि त्यांच्या आया म्हणत, "जरासाच पाऊस आहे." मी आमच्या परीला झग्याच्या आतून दोन थर्मल घालत असे. त्यामुळे ती परी जरा गुबगुबीत दिसे, पण तिला सर्दी कधी झाली नाही. घरी मी तिला हात हलवायला शिकवलं, कोपर न हलवता. त्या बाईंनी एकदा मला थांबवून सांगितलं, "तुमची नात उभी फार सुरेख राहते हं." माझ्या शाळेच्या निकालांबद्दलही इतकं समाधान मला क्वचित झालं होतं.

सहाव्या वर्षी तिची पाळी होती. मी फेब्रुवारीत पोचले तेव्हा मला न्यायला विमानतळावर आलेली राणी रडवेली होती.

"आजी, माझं टर्न जाणार आहे."

झालं होतं असं की ती दहा वर्षांची झाली होती आणि त्या भागातल्या आपल्या लोकांच्या घरात दहाव्या वर्षी एकच देव असतो: ग्रामर स्कूलची, म्हणजे निवडक हुशार मुलांच्या सरकारी शाळेची, प्रवेश परीक्षा. आत्याने दोन आठवड्यांपूर्वी तिला शिकवणी लावली होती, शनिवारी सकाळी. हॉलमधला नियम असा, की नाताळानंतर तीन शनिवार चुकले तर पाळी पुढच्या मुलीकडे. दोन चुकले होते. पुढच्या मुलीची आजी हॉलच्या कोपऱ्यात विणकाम करत बसे आणि माझी नात दिसली की प्रेमाने विचारी, "अगं, आज आलीस का तू?"

मी नीट साडी नेसले, वर कोट घातला आणि बाईंना भेटायला गेले.

"मुलगी हुशार आहे हो," मी म्हटलं.

"असेलच. पण हुशारीचा इथे काही संबंध नाही."

"घरी जरा अडचण होती."

"सगळ्यांच्या घरी असते, डिअर."

"एवढ्या वर्षांत कधी गैरहजर नाही. या एका वेळी..."

"या एका वेळी सोडलं, तर पुढच्या वेळी मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं. हे सगळं संभाषण मला पाठ होतं. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात दरवर्षी परीक्षेच्या आधी ते होत असे, शेवटच्या टोपणासकट. फरक इतकाच की तेव्हा पेन माझ्या हातात असायचं. मला राग यायला हवा होता. पण मला बाईंना एखादी नोकरी द्यावीशी वाटली.

मग मी मोर्चा घराकडे वळवला. आत्या स्वयंपाकघरात उभ्याने चहा पीत होती, ड्युटीला निघायच्या घाईत.

"आई, सगळं क्रॉयडन बसतं त्या परीक्षेला. तुला कळत कसं नाही?"

"शिकवणी मी घेईन. रोज संध्याकाळी. शनिवार मोकळा ठेव."

"राणी होऊन तिला मिळणार काय आहे?"

"मुकुट."

"आणि मग?"

"वर्षाने परत द्यायचा."

"बघ!"

"तू ज्या बाईकडे शिकून डॉक्टर झालीस," मी स्वतःकडे बोट दाखवून म्हटलं, "ती फुकट शिकवते आहे. विचार कर."

तिने विचार केला आणि हो म्हटलं, पण एका अटीवर. एप्रिलमध्ये सराव परीक्षा होती, नाव घालून झालं होतं, ती चुकणार नव्हती. ती परीक्षा शनिवारी होती. म्हणजे तिसरा शनिवार.

त्या सकाळी आत्या ड्युटीवर होती, म्हणून मी नातीला ट्रामने परीक्षेला घेऊन गेले. शाळेच्या लांब व्हरांड्यात आपल्याकडच्या आया फ्लास्क घेऊन बसल्या होत्या. आधी गणिताचा पेपर, मग सुट्टी, मग इंग्रजीचा. सुट्टीत इतर मुलं डबे उघडून बसली. आमची राणी बाहेर आली ती कोटाची बटणं लावूनच.

"आजी, मॅथ्स झालं. चल."

"आणि इंग्रजी?"

"इंग्लिश मला येतो. क्वीन मी अजून नाहीये."

हॉलमध्ये हजेरी चहाच्या वेळी घेत, कारण पावसामुळे निम्मे लोक उशिरा येत. चहाला अजून वेळ होता. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, एकाही मुलाला पेपर अर्धवट सोडून जाऊ दिलं नाही. मी घड्याळ पाहिलं आणि तिची बॅग उचलली. शेजारच्या बाई घाबरून म्हणाल्या, "बरं नाही का तिला?" मी म्हटलं, "अगदी उत्तम आहे."

ट्राम नेमकी समोरून गेली. दुसरी आली ती प्रत्येक थांब्यावर श्वास घेत. आम्ही हॉलमध्ये शिरलो तेव्हा चहाची किटली रिकामी झाली होती आणि बाई हजेरीचं पान मिटत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग पेनाचं टोपण काढलं.

संध्याकाळी शिकवणीच्या सरांचा फोन आला. आत्याने फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, तू? तू तिला परीक्षेतून उठवलंस?"

"ती स्वतः उठली. मी बॅग उचलली."

"इंग्रजीचा पेपर बुडवला," जावईबापू वर्तमानपत्रामागून म्हणाले, "आणि निघाली इंग्लंडात राणी व्हायला." आम्ही दोघींनी त्यांच्याकडे पाहिलं. कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायचे राहिलेत, असं त्यांना एकदम आठवलं.

आत्या नातीकडे वळून म्हणाली, "हो तू राणी. पण तो पेपर मी मागवून घेणार आहे. ज्या दिवशी मुकुट घालशील, त्याच संध्याकाळी तो लिहायचा. वेळ लावून."

"मुकुट काढायचं नाही पण."

"घालून लिही. लिहायचाच."

मे महिन्यातल्या त्या सकाळी मी एक चूक केली. महत्त्वाच्या दिवशी मुलीच्या केसांना तेल लावून घट्ट वेण्या घालायच्या, एवढं मला माहीत. मी लावलं, हात सैल सोडून. मुकुट मात्र तिकडच्या धुतलेल्या, भुरभुरीत केसांच्या बेताने बनवलेला होता. माळावर रिमझिम चालू होती. दातांना तारा लावलेली जुनी राणी हुंदके देत पुढे आली, तिने मुकुट ठेवला, आणि तो पोळीवरून तुपाचा गोळा घसरावा तसा डाव्या कानाकडे निघाला. पिना टोचल्या, त्याही सरकल्या.

"आई, तेल?" आत्या दात-ओठ खात कुजबुजली.

"थोडंसं."

नातीने काय केलं? तिने मान थांबवली. एवढंच. पाच वर्षं शिकवलेलं सगळं तिथे उभं राहिलं. तिने भाषण केलं, सगळ्या माळाला फेरी मारली, हात हलवला, कोपर न हलवता, आणि मुकुट तिथेच राहिला, कानाच्या वर, जरा तिरका. आमच्या पुढे एका गृहस्थांनी भली मोठी छत्री उघडली होती. आत्याने, जी या प्रकरणाच्या सुरुवातीपासून विरोधात होती, त्यांच्या खांद्यावर बोट ठोकलं. "छत्री खाली घ्या. ती माझी मुलगी आहे." ड्युटी बदलून आलेली ती बाई पावसात डोकं उघडं टाकून, टाचा उंचावून उभी होती.

घरी आल्यावर मला वाटलं, आत्या विसरली असेल. ती विसरली नव्हती. तिने कुकर लावला, टेबल पुसलं आणि पेपर मांडला. मी घड्याळ घेऊन समोर बसले, पर्यवेक्षक म्हणून. राणी झग्यात, मुकुटासकट खुर्चीवर बसली. आणि तिला खाली बघताच येईना. मान जरा झुकवली की मुकुट निघे. तिने डोळे खाली केले, हनुवटी वर ठेवली, आणि पेन्सिल चाचपडत पहिल्या उत्तराची जागा शोधू लागली.

"काढ तो आता," मी म्हटलं.

"मम्मीने सांगितलं, घालून लिही."

आत्या ओट्यापाशी उभी राहून बघत होती. मग तिने वरणभाताचा कुकर उचलला, वाफ गेली होती, तरी तो गरम होता. तो टेबलावर एका फडक्यावर ठेवला, नातीच्या बरोबर समोर, आणि प्रश्नपत्रिका त्याला टेकवून उभी केली. उत्तरांच्या कागदाखाली रद्दीचे जाडजूड गठ्ठे सरकवले, हात छातीशी येईल इतके उंच. जावईबापूंनी तेवढ्यात फोटो काढला. कागदाची ती बाजू त्यांच्याकडे नव्हती, म्हणून तुम्हाला नुसता कुकर दिसतो.

राणीने आईकडे पाहिलं, मान न हलवता, आणि हात हलवला, कोपर न हलवता.

"लिही," आत्या म्हणाली.